खोलीची सरासरी

कुडतरीच्या तळ्याची खोली मोजायला
नोव्हेंबरात गेले मी,
सोबत सरकारी तक्ता, दोरी, शिशाचा लंबक
आणि पाश्कोलची आंब्याच्या खोडाची डोणी.

पहिला रकाना : नैसर्गिक की मानवनिर्मित?
पाश्कोल म्हणाला, डोंगर कुणी केला ठाऊक नाही,
बांध आमच्या आज्यांच्या आज्यांनी घातला,
मधे पाणी आपणहून येऊन बसलं.
काय लिहायचं ते तूच ठरव.
मी रकाना कोरा ठेवला.

पाणी सड्यावरून येतं.
भोकाभोकांचा जांभा चार महिने नुसता पितो
आणि नाताळपर्यंत थोडं थोडं परत करतो,
जुनं देणं फेडावं तसं.
पूर्वेच्या काठाला हात बुडवला
की बोटांना आधी कळतं झरा कुठे आहे.
पश्चिमेला बांध, पलीकडे खाजण,
त्याही पलीकडे जुवारी, खारी,
दिवसातून दोनदा येऊन हुंगून जाणारी.
त्या खाऱ्या आणि या गोड्याच्या मधे
एक लाकडी दार.
मानस म्हणतात इथे त्या दाराला.
मी तक्त्यात लिहिलं 'मानस'
आणि बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले.
उघडायचं कधी, मिटायचं कधी,
किती आत ठेवायचं, किती भाताला द्यायचं
हे सगळं सहा फळ्यांवर.

एक मीटर दहा.
इथे देवभात, कुणीच न पेरलेलं,
त्यात शीळ घालणाऱ्या अडया, शे-दीडशे,
डोणी वळली तशा उठल्या
आणि आमच्याच मागे जाऊन बसल्या.

एक मीटर तीस.
कुमुदिनीच्या पानावरून कमळपक्षी चालला,
पान बुडायच्या आत पुढच्या पानावर.
पावसात याची अंडी बापच उबवतो, पाश्कोल म्हणाला,
आई निघून जाते दुसरं घर मांडायला.
आणि मग उगाचच गप्प झाला.

नव्वद सेंटीमीटर.
लंबक वर आला तो काळा, वासासकट.
वरच्या नव्या वसाहतीचं गटार इथे उतरतं,
जलपर्णी माजलीय, म्हशीलाही आत शिरता येत नाही.
तक्त्यात वासाला रकाना नव्हता.

मग मधोमध एका जागी
दोरी जात राहिली.
जात राहिली.
माझ्या हातात तिचं शेवटचं टोक आलं
तरी लंबक टेकला नाही.

विहीर ती, पाश्कोल हसला.
पाणी सोडलं की तळ्याचं शेत होतं,
वायंगणाच्या कापणीला आमची एस्पेरांसमावशी
हिच्याच कठड्यावर बसून पेज जेवायची.
तेव्हा जाळ्यांतून सुटलेले मासे,
मरळ, वाम, सगळे या विहिरीत उतरतात.
इथे जाळं कुणी टाकत नाही.
कुणी सांगितलं म्हणून नाही,
नाही टाकत.
जूनमध्ये पाणी चढलं की
ते वर येतात आणि पुन्हा तळं होतं.

कचेरीत साहेब म्हणाले, हा एक आकडा चुकलाय.
एवढ्याशा तळ्यात एवढी खोली?
काढून टाका, सरासरी बिघडते.
मी काढला.
सरासरी छान आली, एक मीटर बारा.
खाली सहीसुद्धा माझीच.

मे महिन्यात रजा टाकून गेले.
तळं नव्हतंच.
भाताचे खुंट, भेगा,
गोगलगायींच्या शिंपल्या पायाखाली कुरकुरणाऱ्या,
दूर एक मुग्धबलाक, न मिटणारी चोच घेऊन उभा,
आणि मधे चिऱ्यांचा गोल कठडा.
वाकून पाहिलं.
आधी माझाच चेहरा.
मग त्याच्या खालून
काहीतरी जड, सावकाश वळलं.

मी काही विचारणार होते.
पाश्कोलने ओठांवर बोट ठेवलं.